सक्तीचा पेपर येतो कुठून?

मागच्या व्याख्यानानंतर इंजिनिअरिंगच्या एका मुलाने मला जिन्यातच गाठलं. म्हणाला, "सर, मी कॉम्प्युटरचा विद्यार्थी. मला पर्यावरणाचा पेपर कशाला?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज जरा नीट बोलतो. पण मी पडलो इतिहासाचा माणूस, त्यामुळे 'कशाला'च्या आधी 'कुठून आला' हे बघू.

अशा पेपरांची एक गंमत आहे. ते विद्यापीठाच्या आतून क्वचितच उगवतात. बाहेर काहीतरी मोठं घडतं आणि ते आत येऊन पडतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं बघा. १९१८ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, सैन्यात जाणाऱ्या मुलांना हे युद्ध कशासाठी आहे ते कळावं म्हणून एक अभ्यासक्रम होता. युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये त्यातूनच 'कंटेम्पररी सिव्हिलायझेशन' हा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या आधी, १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकले. विषय अर्थशास्त्र, पण तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंच्या वर्गात ते आपणहून जाऊन बसायचे. अर्थात आपण सगळे काही बाबासाहेब नसतो, म्हणून तर सक्तीचा प्रश्न येतो.

आपल्याकडे १९४८ साली राधाकृष्णन आयोग नेमला गेला. आर्थर मॉर्गन आणि जॉन टायगर्ट हे दोन अमेरिकन त्यात सदस्य होते. विज्ञानाच्या मुलांना थोडं साहित्य-समाज, कलाशाखेच्या मुलांना थोडं विज्ञान, असं 'सामान्य शिक्षण' द्यावं ही शिफारस आयोगाने केली. फार शहाणी शिफारस होती. पण मागे ना युद्ध होतं ना कोर्टाचा आदेश, त्यामुळे ती फारशी रुजली नाही. उलट १९६२ ला चीनशी युद्ध झालं आणि १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीचं झालं. १९६८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक.

आता पर्यावरण. गंगा आणि ताजमहालाच्या खटल्यांमुळे ज्यांचं नाव झालं, त्या वकील एम. सी. मेहतांनी १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात एक याचिका केली. २२ नोव्हेंबरला आदेश आला. तो वाचताना आज मजा वाटते: प्रत्येक सिनेमागृहाने खेळाच्या वेळी पर्यावरणाच्या दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात, रेडिओ आणि दूरदर्शनने रोज पाच-सात मिनिटं द्यावीत. त्याच यादीत शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीचा करण्याची गोष्ट होती. पुढे बारा वर्षं गाडी रखडत चालली. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान धरला, तेव्हा कुठे यूजीसीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सगळ्या शाखांना लागू झाला. पन्नास तासिका. जैवविविधतेला आठ, प्रदूषणाला आठ आणि प्रत्यक्ष बाहेर जाऊन बघायला पाच. यूजीसीसाठी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं ते पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी. आणि हे गृहस्थ पेशाने सर्जन! आपल्या क्षेत्राबाहेरचं शिकून काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण त्या पुस्तकातही सापडणार नाही.

तासिका ठरल्या, गुण ठरले. शिकवणार कोण, ते मात्र मोघमच राहिलं. माझ्या मते सगळी गोची इथे आहे. मला सक्ती मुळात वाईट वाटत नाही. मातृभाषाही आपण कुठे निवडून घेतो? पण मी शिकवायचो त्या कॉलेजात हा पेपर, ज्याचा वर्कलोड कमी भरेल त्याच्या गळ्यात पडायचा. एक वर्ष भूगोलाच्या मॅडम, एक वर्ष केमिस्ट्रीचे सर. मग एका वर्षी माझ्या गळ्यात. मुलंही हुशार. प्रकल्पाला पंचवीस गुण, तर गेल्या वर्षीच्या फायलीचं कव्हर बदलायचं आणि द्यायची. ओझोनच्या थराचं तेच चित्र मी त्या वर्षी किती वेळा पाहिलं असेल!

ओझोनबद्दल मला काय कळणार? मी वर्गाला कॉलेजच्या मागच्या ओढ्यावर घेऊन गेलो. म्हटलं, याचा इतिहास लिहून आणा. बहुतेकांनी पुन्हा पुस्तकातलं प्रदूषणच उतरवलं. कॉमर्सची एक मुलगी मात्र ओढ्याशेजारच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसली. इथे धुणं धुणं कधी बंद झालं, मासे कधी दिसेनासे झाले, वरच्या अंगाला कुठली इमारत आधी उठली, असं एकेकीला विचारत गेली. वर्षं कुणालाच आठवत नव्हती, तर तिने थोरल्या लेकीचं लग्न, धाकट्याचं बारसं अशा खुणांवरून ती लावली. फाइल सगळी सात पानांची. बाकीच्यांच्या चाळीस-चाळीस. मी तिला पंचवीसपैकी चोवीस दिले, तर वरून विचारणा झाली की यात आकृत्या का नाहीत.

वेळ झाली. तो इंजिनिअरिंगचा मुलगा आज आलाय का? मग पहिला प्रश्न त्याचा घेऊ.