बाजूची खोली

वाईच्या आमच्या जुन्या घरात माजघराला लागून एक अंधारी खोली होती. कावळा शिवला की बायका तिथं बसत. वेगळी घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन पुन्हा चुलीपाशी. तेवढीच विश्रांती मिळायची, असं आजही सांगितलं जातं. आजीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, “विश्रांती कसली गं? गोधड्या धुणं नि परसातली लाकडं फोडणं तेव्हा आमच्याच वाट्याला यायचं.”

आजीची धाकटी नणंद त्या घोंगडीवर गुडघे पोटाशी घेऊन रात्र रात्र तळमळायची. एक बाळंतपण झालं की थांबेल, असं सगळे म्हणत. तिला मूल झालंच नाही. तिला माझाच आजार होता, असं मला मनापासून वाटतं.

शिवाशिवीचे नियम किती बारीक! नकळत विटाळ कालवला गेला असेल तर ते पाप फेडायला ऋषिपंचमी, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं अन्न वर्ज्य. दुखण्यासाठी मात्र घरात एक शब्द नव्हता.

ग्रंथात होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापद, म्हणजे बायकांचे विकार, सांगितले आहेत. त्यांतल्या उदावर्तिनीत वायू उलटा वर चढतो, पाळी कष्टानं येते आणि रक्त सुटताच लगेच आराम पडतो. हे लिहिणाऱ्यानं कुणा बाईचं नीट ऐकून घेतलं असणार. माझं दुखणं त्यापुढचं. रक्त सुरू झालं तरी ओटीपोट पिळवटत राहतं, शौचाला बसलं की आत सुरी फिरते, पाळी संपल्यावरही कंबर ठणकत असते.

माझ्या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात; त्याचं वर्णन व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकितान्स्की यांनी १८६० मध्ये केलं. अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात ‘एंडोमेट्रिओसिस’ हे नाव रूढ केलं आणि १९२७ मध्ये मांडलं, की पाळीचं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं. पुन्हा ‘उलटं’च. योगायोग असेल; मला मात्र तो शब्द वाचून गलबलून आलं.

माझी पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली. निदान सत्ताविसाव्या वर्षी, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत. मधली चौदा वर्षं सोनोग्राफी साफ येत होती आणि एक डॉक्टर आईला सांगत होत्या, “लग्न करून द्या, बरं वाटेल.” खोली केव्हाच पाडली होती, आजीच्या नणंदेला मिळालेलं उत्तर तेवढं शिल्लक होतं.

घरातली मुलगी दर महिन्याला शाळा बुडवून पोट धरून पडत असेल, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. आणि सोनोग्राफी साफ आली तरी तिचं दुखणं खोटं ठरवू नका. या आजाराचे पातळ डाग सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत.