छताचे उष्णतारोधन

छताचे उष्णतारोधन म्हणजे छतावर पडणाऱ्या उन्हाची उष्णता घरात उतरू नये यासाठी छताच्या वर, आत किंवा खाली केलेली योजना. माती, गवत व कौले ही तिची जुनी साधने होत. फवारणीने बसवला जाणारा पॉलियुरेथेन फोम हे अलीकडचे साधन आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. तेथे या योजनेचा इतिहास हा मुख्यतः माळवदाचा इतिहास आहे.

माळवद

लातूर, धाराशिव आणि नांदेड जिल्ह्यांच्या सपाट, कमी पावसाच्या भागांत मातीचे सपाट छत माळवद या नावाने ओळखले जाते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या किंवा किलच, त्यावर पालापाचोळ्याचा वा काड्यांचा थर आणि सर्वांत वर दाबून बसवलेली पांढरी माती, अशी त्याची रचना असते. शेतातील काळी माती यासाठी निरुपयोगी ठरते, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उजेडासाठी व धुरासाठी छतात साने ठेवतात आणि पावसाचे पाणी पन्हाळीतून बाहेर काढतात.

मातीचा जाड थर दिवसाची उष्णता स्वतःत साठवून ठेवतो. दुपारचे ऊन आतल्या बाजूस पोहोचण्यास कित्येक तास लागतात, त्यामुळे ऐन उन्हाच्या वेळी खोली थंड असते. रात्री मात्र ही साठवलेली उष्णता आत उतरू लागते. उन्हाळ्यात घरातील माणसे माळवदावर झोपायला जात, त्यामागे केवळ हौस नव्हती.

किनवट तालुक्यातील इस्लापूर व सहस्रकुंड धबधब्याचा परिसर वनाचा आणि तुलनेने अधिक पावसाचा आहे. अशा ठिकाणी उतरत्या छपराची सोय अधिक. कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते, हेच तेथील उष्णतारोधन.

भार आणि किल्लारीचा भूकंप

गळती थांबवण्यासाठी मृगापूर्वी माळवदावर नवी माती टाकण्याची रीत होती. जुनी माती क्वचितच उतरवली जाई, त्यामुळे थर पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाई. एक फूट जाडीच्या मातीचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलोग्रॅम होतो, म्हणजे तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीवर जवळजवळ सहा टन.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. सारा दोष माळवदाचा मानला जातो, तो अर्धवट खरा आहे. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंतींचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांना बांधलेले नव्हते. आधी त्या फुटल्या. जेथे छताचा भार भिंतींवर होता तेथे छतही कोसळले. सुट्या लाकडी खांबांवर पेललेली काही छते मात्र भिंती ढासळूनही उभी राहिली.

भूकंपानंतर ५२ गावांचे स्थलांतरित पुनर्वसन झाले. मातीच्या छताची धास्ती बसली आणि पत्र्याचा वापर वाढला. पत्रा हलका असतो, पण तो उष्णता अडवत नाही व साठवतही नाही. ऊन चढताच खोली तापते. जीव वाचवणारे हलके छत आणि दुपारी राहता येईल असे छत, या दोन गरजा तेव्हापासून एकमेकींपासून तुटल्या.

फवारणीचा फोम

जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर यांच्या १९३७ च्या संशोधनातून पॉलियुरेथेनचा उगम झाला. आयसोसायनेट व पॉलिऑल हे दोन द्रव फवारणीच्या बंदुकीत एकत्र येतात. पृष्ठभागावर पडताच मिश्रण काही सेकंदांत फुगून कित्येक पट होते व घट्ट बसते. बंद पेशींच्या फोममध्ये अडकलेला वायू उष्णतेची वाट अडवतो. पाच सेंटिमीटर थराचे वजन दर चौरस मीटरला दोन-अडीच किलोग्रॅमच भरते, आणि उष्णतेला त्याचा रोध फूटभर मातीपेक्षा कित्येक पट अधिक असतो. मात्र मातीसारखी उष्णता साठवण्याची शक्ती त्यात नाही. पत्र्यावर वरून फवारल्यास खिळ्यांच्या भोकांची गळतीही थांबते. त्याआधी गंज व धूळ पूर्णपणे काढावी लागते, नाहीतर थर सुटतो.

उघडा फोम उन्हाने पिवळा पडून भुरभुरतो, म्हणून त्यावर संरक्षक लेप आवश्यक आहे. फवारणीच्या वेळी आयसोसायनेटची वाफ दम्यासारखा विकार निर्माण करू शकते. कामगाराला योग्य श्वसनसंरक्षण हवेच. फोम पेट घेतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. चूल असलेल्या खोलीत पत्र्याच्या खालून उघडा फोम फवारणे त्यामुळे धोक्याचे आहे. फोम फुगवण्यासाठी वापरले जाणारे एचसीएफसी-१४१बी हे ओझोनला घातक रसायन भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केले.

फोमची फवारणी शीतगृहे, कारखाने व गोदामांत रुळली आहे. यंत्र व कुशल कामगार लागत असल्याने एका लहान घरासाठी ती महाग पडते. खेड्यांत पत्र्याला चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात देणे, हिरवी जाळी ताणणे किंवा उन्हाळ्यापुरते पाचट अंथरणे हेच उपाय अधिक दिसतात. त्यांपैकी पाचट सर्वांत स्वस्त, पण आगीचा धोका त्यालाही आहे.