कुऱ्हाडीचा दांडा आणि बॅटरीची करवत

मुरूडला यायच्या मुख्य वाटा तीन. एक अलिबाग-रेवदंड्याहून काशीदवरून किनाऱ्याकिनाऱ्याने, दुसरी रोह्याकडून डोंगर ओलांडून आणि तिसरी दिघीहून जेट्टीने खाडी पार करून आगरदांड्याला. तिन्ही वाटांना झाडांची सोबत आहे. ही सोबत उन्हाळ्यात सुखाची, पण पावसाळ्यात एखादं झाड आडवं झालं की वाट बंद. अशा वेळी गाडीत काय असावं, हा प्रश्न पूर्वी पडत नसे. कोयता असायचाच. आता जीप घेऊन आडवाटेनं हिंडणारी तरुण मुलं विचारतात, "चाचा, बॅटरीवरची छोटी करवत घेतोय, कुठली घेऊ?" कवी माणसाला हे विचारण्याचं कारण एवढंच, की माझ्या वडिलांची लाकडाची लहानशी वखार होती आणि मी बी.ए.चा अभ्यास भुशाच्या वासात केला. मी उत्तर देतो, पण जरा लांबून सुरुवात करतो.

करवत हा शब्द संस्कृतातल्या 'करपत्र' या शब्दावरून आला. हातातलं पातं. किती साधं नाव! या पात्याला आपण भाषेत मोठी जागा दिली. लुगड्याला करवती काठ दिला. काशीला जाऊन करवतीखाली देह ठेवण्याच्या जुन्या समजुतीतून 'काशीकरवत' हा शब्द आला. आमच्या घरी आजी हजरत जकरिया यांची गोष्ट सांगायची. झाडाच्या पोटात लपलेल्या त्या पैगंबरांना शत्रूंनी झाडासकट करवतीनं कापलं. दोन्हीकडे करवत म्हणजे शेवटची कसोटी. खेळणं ती कुठेच नव्हती.

आमच्या किनाऱ्यावर करवतीचा खरा धनी समुद्र. होड्या, मचवे, गलबतं यांना लाकूड लागे आणि लढाऊ आरमाराला तर फारच. एका बाजूला जंजिऱ्याचा सिद्दी, समोर शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग. दोघांनाही फळ्या हव्यात, डोलकाठ्या हव्यात. हे लाकूड आणायचं कुठून? रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात याचा विचार आहे. आरमारासाठी साग वगैरे थोर लाकूड तोडायचं ते परवानगीनं. आंबा, फणस ही झाडंही कामाची, पण त्यांना हात लावू द्यायचा नाही. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावं. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजनीतीच्या ग्रंथात झाड कोणाचं, हा प्रश्न झाड कसं तोडायचं याच्या आधी येतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

सिद्दींच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवाबांनी फणसाडचं रान शिकारीसाठी राखून ठेवलं. हेतू शिकारीचा, पण जंगल टिकलं. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झालं आणि १९८६ साली त्याच रानाचं फणसाड अभयारण्य झालं. तिथला शेकरू आज ज्या फांद्यांवरून उड्या मारतो, त्या एका परीनं राखीव शिकारीनं वाचवलेल्या फांद्या आहेत. इतिहासाची चाल अशी वाकडी असते.

जुनी करवत दोघांची होती. ओंडका घडवंचीवर चढवायचा, एकानं वर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली. वरचा ओढतो, खालचा खेचतो. खालच्याच्या डोळ्यांत भुसा. एका ओंडक्याच्या फळ्या पाडताना दिवस जाई. ही सावकाशी म्हणजे हाल होते, मी त्यांचं कौतुक करणार नाही. पण त्या दिवसभरात कोणीतरी येऊन "अरे, हे झाड कुणाचं?" असं विचारायला सवड होती, एवढं मात्र खरं.

साखळीची करवत आली ती जंगलातून नव्हे, वैद्यकातून. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली. पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी हाताच्या दांड्यानं फिरवायचं तसलंच यंत्र केलं. लाकडासाठी ही कल्पना वापरायला शंभर वर्षं लागली. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. वजन ६४ किलो, उचलायला दोन माणसं! पेट्रोलवरची १९२९ साली आली, ती ४६ किलोंची. एका माणसाच्या हाती ती नीट आली दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याच सुमारास अमेरिकेत जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्यानं ओंडका पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखले. ती आडवी-उजवी-डावी कशी कुरतडते हे पाहून त्यानं साखळीचे दाते बदलले आणि १९४७ साली कारखाना काढला. आजची साखळी त्या अळीची ऋणी आहे.

बॅटरीचा भाग त्याहून अलीकडचा. बिनवायरीचं ड्रिल १९६१ सालीच आलं होतं, पण त्या बॅटऱ्या जड आणि दमछाक होणाऱ्या. १९९१ साली सोनी कंपनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. २००५ पासून ती हत्यारांत शिरली. तिच्या शोधाबद्दल २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल मिळालं.

आणि नोबेलनंतर सहाच महिन्यांत, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, झोत एकशेवीसचे. माड, पोफळी, आंबे, फणस आडवे. पिढ्यांची वाडी दुपारच्या दोन-तीन तासांत जमिनीवर. रस्ते बंद, वीज कित्येक दिवस नाही. तेव्हा ज्याच्या हातात 'कटर' तो देव. आपल्याकडे साखळी करवतीला सरसकट कटरच म्हणतात. करवतीनं माणसांना एकमेकांपर्यंत पोचवलं, हे त्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं. मुलांचा प्रश्न त्या दिवसांतून आलेला आहे, म्हणून तो मी हसण्यावारी नेत नाही.

तर निवड कशी करावी? आधी झाड पाहा, मग दुकान. हातभर लांबीची, सहा इंची पात्याची, एका हातानं उचलता येणारी करवत फांद्यांना पुरते. पोफळीचं खोड वीतभरही जाड नसतं, तेही तिला जमेल. माड किंवा आंब्याची मोठी फांदी असेल, तर दहा-बारा इंची पातं हवं. वजन चार-पाच किलोंपर्यंत जाईल, पण दोन्ही हातांनी धरायची सोय असते. माडाचं लाकूड तंतूंचं, साखळी लवकर बोथट करतं. जवळ कानस आणि सुटी साखळी ठेवा. पात्याला तेल आपोआप मिळतं का, ते बघा. उसळी बसली की साखळी थांबवणारा ब्रेक आहे का, ते तर बघाच. छोट्या करवतींत तो बहुधा नसतो.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे ७२. आमच्याकडची मुलं आखातातून अशा वस्तू आणतात, त्यांना हा आकडा कामाचा. सुटी बॅटरी विमानात हातातल्या बॅगेतच न्यायची असते. शंभर वॅट-तासांपर्यंत सहसा अडत नाही, त्यावर एकशेसाठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. करवत मात्र सामानात जाते. घरी आल्यावर बॅटरी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका आणि खाऱ्या हवेत पात्याला तेलाचा हात द्यायला विसरू नका. शिवाय बॅटरी संपली तरी न संपणारी घडीची हातकरवत सोबत असावी.

झाड आडवं पडलं की निम्मं काम डोक्याचं. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल, तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. वरून तिसरा हिस्सा कापून मग खालून पुरं करा, नाहीतर पातं अडकतं. एकीकडेच टेकलेली फांदी असेल तर उलट, सुरुवात खालून. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, करवत तोंडावर येते. डोळ्यांना चष्मा, पायात बूट. आणि झाडाखाली विजेची तार असेल, तर करवत गाडीतच ठेवा, वीजवाल्यांना फोन करा.

आता शेवटचा प्रश्न, आज्ञापत्रातला. झाड कुणाचं? महाराष्ट्रात वृक्षतोडीचा कायदा १९६४ पासून आहे. साग, आंबा, फणस, खैर, हिरडा अशी झाडं खासगी जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अभयारण्यात तर पडलेली फांदीसुद्धा आपली नाही; तिथं वनखात्याला कळवायचं आणि थांबायचं. रस्त्यावरचं झाड बाजूला करणं वेगळं, त्याचे ओंडके गाडीत भरणं वेगळं.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' असं आपण म्हणतो. नव्या करवतीला लाकडाचा दांडा नाही, प्लास्टिकचा आहे. म्हणजे झाडाचं गोत सुटलं, पण दांडा धरणाऱ्या हाताचं सुटलेलं नाही. आमच्या वाड्यांत निसर्गनंतर लावलेल्या पोफळी आता डोक्यावर गेल्या आहेत. करवत जरूर घ्या. ती घेण्याआधी एक रोप लावलंत, तर तिला धार अधिक चांगली येईल.