मुठीत मावणारं पोलाद

सोलापूरच्या आठवडी बाजारात ऊसतोडीचा कोयता घेणारा माणूस आधी मूठ तोलून पाहतो, मग पात्यावर टिचकी मारून नाद ऐकतो. नक्षीला तो भुलत नाही. मंडळी, त्याच नजरेनं वाघनखं पाहायला हवीत.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली. पट्टीला चार नखं, बोटांसाठी दोन कड्या. पूर्वी ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे होती. ती शिवरायांचीच, असं ते संग्रहालयही छातीठोकपणे म्हणत नाही.

हत्यार म्हणून वाघनख तसं अडचणीचंच. त्यानं फांदी तुटत नाही, दोर कापला जात नाही. शत्रू हातभर लांब असला तर उपयोग शून्य. पण १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाची गाठ पडली ती मिठीच्या अंतरावर. तिथं लांब पातं अडखळतं. पंजात लपणारं नख नाही. सभासद बखरीत सोबत बिचवाही आहे. तो आखूड, वाकडा, खुपसायला सोयीचा. मला विचाराल तर त्या दिवसाची सर्वांत शहाणी निवड या दोन्हींपैकी एकही नव्हे. अंगरख्याखालचं चिलखत!