दुधारी ब्लेड: सगळ्यात धारदार, सगळ्यात मऊ आणि सगळ्यात टिकाऊ ब्लेड एकच असतं का?

एक जण सांगतो की फेदरसारखं ब्लेड जगात नाही. दुसरा म्हणतो, त्याच फेदरनं माझा गळा सोलवटून निघाला. तिसरा एका ब्लेडमध्ये महिना काढल्याचं छातीठोकपणे सांगतो. ब्लेडवरच्या कुठल्याही चर्चेत हे तिघं भेटतातच आणि गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असू शकतात. कारण ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. धार, मऊपणा आणि टिकाऊपणा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटावर मात्र तिन्ही एकाच वाक्यात गुंडाळलेल्या असतात.

आपण बोलतोय ते दोन्ही बाजूंनी धार असलेल्या, मधे लांबट खाच असलेल्या साध्या ब्लेडबद्दल. साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट या गृहस्थानं हे ब्लेड आणि त्याचा रेझर १९०३ साली विकायला काढला, तेव्हा पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. इतक्या पातळ पोलादाला धार लावता येणारच नाही, असं जाणकारांनी त्याला आधी सांगितलं होतं. विल्यम निकरसन या इंजिनिअरनं ते जमवून दाखवलं. ब्लेडचं माप अजूनही जवळपास तेच आहे. म्हणून जपानचं ब्लेड तुर्कस्तानच्या रेझरमध्ये बसतं आणि ठाण्याचं ब्लेड जर्मनीच्या.

धार आणि मऊपणात फरक काय?

धार म्हणजे केस कापायला किती जोर लागतो ते. ती मोजता येते. ठरावीक जाडीचा धागा ताणून धरायचा, त्यावर ब्लेड दाबायचं आणि धागा किती ग्रॅम दाबाला तुटतो ते बघायचं. आकडा जितका कमी, तितकी धार जास्त.

मऊपणा मात्र असा ग्रॅममध्ये मापता येत नाही. ब्लेड कातडीवरून घसरतं की खरवडतं, हा त्यातला प्रश्न. तो अवलंबून असतो धारेवर चढवलेल्या लेपांवर. आजच्या ब्लेडचं पोलाद साधारण १३ टक्के क्रोमियम असलेलं स्टेनलेस असतं. ते हजार अंशांहून जास्त तापवून झटकन थंड करतात, मग टप्प्याटप्प्यानं घासून धार काढतात. त्या धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमसारख्या धातूचा अतिसूक्ष्म थर बसवतात आणि सगळ्यात वर पीटीएफईचा लेप भाजून पक्का करतात. पीटीएफई म्हणजे तेच, जे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं. पाकिटावर ठळक अक्षरात 'प्लॅटिनम' लिहिलेलं असलं तरी त्याचं प्रमाण इतकं नगण्य असतं की जुनी ब्लेडं जमवून सराफाकडे जाण्यात अर्थ नाही.

हा लेप आला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. विल्किन्सन स्वोर्डनं तेव्हा लेप दिलेलं स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं. त्याआधीची ब्लेडं कार्बन पोलादाची असायची. धार उत्तम, पण एक-दोन दाढ्यांत गंजायला सुरुवात. घरातले आजोबा तेच ब्लेड काचेच्या ग्लासच्या आतल्या बाजूनं बोटानं फिरवून घासायचे, आठवतंय का? तो वेडेपणा नव्हता. गंजणाऱ्या, कडा वळलेल्या त्या जुन्या ब्लेडला त्याचा थोडाफार उपयोग व्हायचा. आजच्या ब्लेडला तेच केलं तर पहिला मार लेपावर बसतो. जीन्सवर किंवा मनगटावर ब्लेड घासून 'नवं' करण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांनाही हेच लागू. टॉवेलनं धार पुसणंही नको. लेपही जातो आणि बोटही.

आता फेदरची गोष्ट. एखादं ब्लेड प्रचंड धारदार असेल आणि तुमचा हात हलका असेल, तर ते कमी ओढाताण करत केस कापतं आणि तुम्हाला 'मऊ' वाटतं. तेच ब्लेड जोरानं दाबणाऱ्या माणसाच्या हाती गेलं की केसाबरोबर कातडीचा वरचा थरही नेतं. उलट बेताच्या धारेचं ब्लेड विरळ, लुसलुशीत दाढीवर लोण्यासारखं चालतं आणि राठ दाढीवर केस ओढत बसतं. जे ब्लेड केस ओढतं त्यावर माणूस आपोआप जोर वाढवतो, आणि मग जळजळ सुरू होते. म्हणजे बोथट ब्लेडनं कापत नाही हा समज चुकीचा आहे. बऱ्याचदा तेच जास्त कापतं.

कोणतं ब्लेड कसं?

फेदर जपानी आहे. बहुतेक दाढीबाजांच्या मते बाजारातल्या सर्वांत धारदार ब्लेडांत त्याचा नंबर वरचा. पहिली दाढी थोडी बोचरी, दुसरी-तिसरी अप्रतिम आणि त्यानंतर उतार, असा त्याच्याबद्दलचा नेहमीचा अनुभव. राठ दाढी आणि सरावलेला हात असेल तर घ्या. पहिल्यांदाच असा रेझर हातात घेणाऱ्यानं सुरुवात यानं करू नये, असं माझं स्पष्ट मत.

तुर्कस्तानचं डर्बी एक्स्ट्रा दुसऱ्या टोकाला. धार बेताची, चुका पोटात घालणारं. मऊ दाढीवाले त्याच्यावर खूश असतात आणि राठ दाढीवाले शिव्या घालतात. या दोघांच्या मधे ॲस्ट्रा सुपिरियर प्लॅटिनम, हिरव्या पाकिटातलं. कशातच टोकाचं नाही, पाच-सहा दाढ्या बऱ्यापैकी एकसारख्या देतं. कुणी मला एकच नाव विचारलं तर सुरुवातीसाठी मी हेच सांगेन. पर्सोनाही याच पंगतीतलं, किंचित जास्त धारदार.

आपल्या वाण्याकडे सहज मिळणारी ब्लेडं म्हणजे सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन स्वोर्ड, टोपाझ आणि पूर्वी सुपरमॅक्स. यातलं सुपरमॅक्स तर महाराष्ट्राचंच. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यातून ते देशोदेशी जायचं. ही ब्लेडं स्वस्त म्हणून कमअस्सल समजण्याचं कारण नाही. यातलं एखादं तुमच्या दाढीला महागड्या ब्लेडपेक्षा चांगलं बसू शकतं. एक मात्र सांभाळा. ब्लेडच्या बाबतीत नाव सारखं म्हणजे माल सारखा असं नसतं. सेव्हन ओ'क्लॉक या एकाच नावाखाली वेगवेगळ्या रंगांची पाकिटं येतात, वेगवेगळ्या देशांत बनलेली, आणि त्यांतली ब्लेडं चालायला अगदी वेगळी असतात. त्यामुळे एखादं आवडलं तर नावाबरोबर पाकिटाचा रंग आणि 'मेड इन' पुढचा देशही लक्षात ठेवा. फोटो काढून ठेवलात तर उत्तम.

पोलाद इतकं कडक, केस इतका मऊ; मग धार जाते कशी?

केसापेक्षा ब्लेडचं पोलाद सुमारे ५० पट कडक असतं. तरी चार-सहा दाढ्यांत ब्लेड बोथट होतं. हे का होतं, याचा शोध अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी घेतला आणि ऑगस्ट २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो छापून आला. त्यांच्यातल्या एकानं स्वतःची दाढी करून दर वेळी ब्लेडची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. ब्लेडं वापरून फेकायच्या रेझरची होती, पण पोलाद याच जातकुळीचं.

धार हळूहळू झिजून गोल होत असेल, ही आपली समजूत. त्यांना मात्र धारेवर कपचे उडालेले दिसले. कपचा म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा. सूक्ष्मदर्शकाखालीच एकेक केस कापून पाहिल्यावर कळलं, की केस ब्लेडसमोर ताठ, काटकोनात उभा असला तर धारेला फारसं काही होत नाही. केस वाकला, ब्लेडला तिरका लागला आणि नेमक्या त्याच जागी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली, तर तिथला बारीकसा तुकडा निघतो. एक तुकडा निघाला की त्याच्या शेजारी पुढचे निघणं सोपं होतं. म्हणूनच ब्लेड कालपर्यंत ठीक चालतं आणि आज अचानक ओढायला लागतं.

तेव्हा 'हे ब्लेड किती दाढ्या टिकतं' याचं उत्तर एकट्या ब्लेडकडे नसतं. दाढी रोजची आहे की आठवड्याची, केस राठ की मऊ, पाणी लावून भिजवलेत की कोरड्यावरच फेस फासलात, यावर ते ठरतं. भिजलेला केस फुगतो, मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. त्यामुळे अंघोळीनंतर दाढी, किंवा निदान दोन-तीन मिनिटं कोमट पाणी, हा ब्लेडचं आयुष्य वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय. दाढी झाल्यावर रेझर सैल करून नळाखाली धरा, झटका, हवेशीर ठेवा. बाकी उपायांच्या नादी लागू नका. १९५९ मध्ये कारेल ड्रबाल नावाच्या माणसाला चेकोस्लोव्हाकियात चक्क पेटंट मिळालं होतं, पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ब्लेड ठेवून त्याची धार टिकवण्याचं!

बहुतेकांचं ब्लेड तीन ते सात दाढ्यांच्या आत उतरतं. पण आकडा मोजत बसण्यापेक्षा पहिल्यांदा केस ओढल्यासारखा वाटला की बदला. देशी ब्लेड काही रुपयांत मिळतं. ते आणखी दोन दिवस ताणून जे वाचतं, त्यापेक्षा गळ्यावर उठलेल्या पुळ्यांवरचं मलम महाग.

स्वतःच्या चेहऱ्यावर पारख

दहा-बारा कंपन्यांची दोन-दोन ब्लेडं असलेली मिश्र पाकिटं ऑनलाइन मिळतात. ती घ्या, पण रोज वेगळं ब्लेड लावू नका, त्यातून काहीच कळत नाही. रेझर तोच, साबण तोच, दाढीची वेळ तीच ठेवा आणि एक ब्लेड उतरेपर्यंत वापरा. रेझर तोच ठेवणं महत्त्वाचं, कारण ब्लेड धरण्याचा कोन आणि ते किती बाहेर डोकावतं हे प्रत्येक रेझरचं वेगळं असतं. एकात मवाळ वाटलेलं ब्लेड दुसऱ्यात अंगावर येतं.

आणि परीक्षक म्हणून तुरटी ठेवा. सलूनमध्ये दाढीनंतर फिरवतात तोच खडा. आरशात सगळं छान दिसत असताना तुरटी जिथे झोंबते, तिथे कातडी खरवडली गेली आहे. सगळीकडे झोंबली तर ब्लेड तुम्हाला मानवत नाही किंवा हात जड पडतोय. फक्त हनुवटीखाली झोंबली तर ब्लेड बदलण्याआधी केसांची दिशा तपासा. गळ्यावरचे केस बऱ्याच जणांचे आडवे वाढतात.

सलूनमधलं अर्धं ब्लेड

हेच दुधारी ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग सलूनवाले वस्तऱ्यात घालतात. तिथे टिकाऊपणाचा हिशेब पूर्णपणे वेगळा आहे: एक गिऱ्हाईक, एक तुकडा. ब्लेड अजून चांगलं चालतंय, हे तिथे कारण होऊच शकत नाही. दाढीत डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात आणि रक्ताचा अंश धारेवर राहतो. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. हिपॅटायटिस सी सुद्धा रक्तातूनच पसरतो. डेटॉलच्या पाण्यात वस्तरा बुडवून काढणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. बहुतेक कारागीर स्वतःहून समोर नवं ब्लेड मोडतात. कुणी मोडलं नाही तर 'दादा, नवीन लावा' एवढं म्हणायला लाजू नका. घरातही वडिलांचं ब्लेड मुलानं वापरू नये, त्याचं कारण हेच.

वापरलेली ब्लेडं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली, तरी ओला-सुका वेगळा करणाऱ्या सफाई कामगाराच्या हातात ती घुसतातच. पावडरचा किंवा घट्ट झाकणाचा एखादा रिकामा डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी फट पाडा आणि डबा चिकटपट्टीनं बंद करून टाका. ब्लेडं त्यातच साठवा. एक डबा कित्येक वर्षं पुरतो. भरला की फटही चिकटपट्टीनं बुजवा, वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' लिहा आणि कचरा नेणाऱ्याच्या हातात देताना तसं सांगा.