तळटीप : हूड

* हूड : यॉर्कशरमधल्या वेदरबी या छोट्या बाजारगावातला बँड. ख्रिस व रिचर्ड अ‍ॅडम्स या भावांनी १९९०च्या सुमारास तो उभा केला. सुरुवातीची ध्वनिमुद्रणे घरगुती, खरखरीत. ती लहान स्वतंत्र कंपन्यांनी काढली. पुढे लंडनची डॉमिनो मिळाली, तीही स्वतंत्रच. बँडचा बाज पोस्ट-रॉकचा, म्हणजे वाद्ये रॉकचीच, पण त्याचा आवेश नाही. 'रस्टिक हाउसेस, फॉरलॉर्न व्हॅलीज' (१९९८) या लांबलचक, संथ अल्बममध्ये पावसाळी माळरानाखेरीज फारसे काही घडत नाही, आणि तेच त्याचे बळ. 'कोल्ड हाउस'मध्ये (२००१) अमेरिकी रॅपर डोझवनचा आवाज आहे. ही जोडी कागदावर विजोड वाटते, कानाला नाही. 'आउटसाइड क्लोजर'नंतर (२००५) बँड थांबला. नवख्या वाचकाने 'कोल्ड हाउस' आधी ऐकावा. — संपा.