गोटा आणि फासा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघर मिरवितात आणि त्यांच्या हातावर खाऊ पडतो. त्याच दिवशी नागपूरच्या वायव्येस, मध्यप्रदेशाच्या हद्दीतील पांढुर्ण्यास, जाम नदीच्या पात्रात एक निराळाच खेळ चालतो. त्याचे नाव गोटमार. नाव अस्सल मराठी आहे, आणि त्यात नवल नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेव्हा पांढुर्णा आणि सौसर हा मराठी बोलणारा मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला.

नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण बांधलेले असते. सावरगावकरांनी ते राखावयाचे, पांढुर्णेकरांनी ते तोडून न्यावयाचे, आणि दोन्ही बाजूंचे शस्त्र एकच, नदीकाठचा गोटा. सकाळपासून दगडांचा वर्षाव सुरू होतो. झाड पडले की निशाण चंडीच्या देवळात जाते आणि दिवसभर एकमेकांची डोकी फोडणारी माणसे देवीपुढे एकत्र उभी राहतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत.

या खेळामागे एक कथा सांगतात. पांढुर्ण्याच्या तरुणाचे सावरगावच्या मुलीवर मन जडले. एका पहाटे तो तिला घेऊन नदी उतरत असता सावरगावच्या लोकांनी त्यांना पाहिले व दगड मारण्यास प्रारंभ केला. पांढुर्णेकरांनी उलट दगड फेकले. या माऱ्यात सापडून ती दोघे भर पात्रात मरण पावली. कथा करुण आहे आणि खेळाला ती तंतोतंत बसते. सावरगाव म्हणजे मुलीचे माहेर, पांढुर्णा म्हणजे मुलाचे घर, आणि पळस म्हणजे ती मुलगी, असाच अर्थ लोक लावतात.

परंतु ती इतकी नेमकी बसते यामुळेच थोडा संशय येतो. याच गोटमारीचा संबंध भोसल्यांच्या फौजेशी जोडणारी दुसरी आख्यायिका प्रचलित आहे, आणि तिच्यात प्रेमिकांचे नावही नाही. एकाच खेळाला दोन जन्मकथा असल्या, तर खेळ आधीचा आणि कथा मागाहून आलेल्या, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. दोन गावांची चुरस आणि हाताशी असलेला दगड एवढे भांडवल झुंजीला पुरते. ती झुंज वर्षानुवर्षे का करावी, या प्रश्नाला मात्र कथाच उत्तर देते. लढाईची कथा मागे पडली व प्रेमाची पुढे आली, यात लोकांची निवड दिसते.

खेळाला कथा चिकटते तेव्हा ती कधी नुसती रंगापुरती राहते, तर कधी थेट नियमांत शिरते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० गोल पाने. मत्स्य काय, कूर्म काय, पानावरचे चित्र बदलले तरी खेळणाऱ्याच्या डावात फरक पडत नाही. पण डावाचा आरंभ दिवसा असेल तर रामाचे पान असणाऱ्याने करावयाचा, रात्री असेल तर कृष्णाचे पान असणाऱ्याने. सूर्यवंशी राम आणि मध्यरात्री जन्मलेला कृष्ण, ही पुराणे येथे नियम होऊन बसली आहेत.

पाश्चात्त्य देशांत हीच गोष्ट गेल्या पन्नास वर्षांत फार मोठ्या प्रमाणावर घडली. १९७४ च्या आरंभी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चारसहा मंडळी मेजाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, इतर प्रत्येकजण एकेका वीराची, चोराची वा मांत्रिकाची भूमिका घेऊन आपण काय करणार ते बोलतो, आणि तलवार लागली की चुकली हे फासा ठरवितो.

याही खेळात लढाई आधीची. गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ साली ‘चेनमेल’ ही शिशाच्या छोट्या सैनिकांनी मध्ययुगीन युद्धे खेळण्याची नियमावली काढली होती, आणि राक्षस, जादूगार वगैरे तिच्या शेवटी पुरवणीदाखल आले होते. आर्नेसन यांच्या खेळात मात्र खेळणाऱ्याच्या हाती पलटण न राहता एकच माणूस आला. माणूस आला म्हणजे त्याला नाव, गाव आणि हेतू लागणारच. ते पुरविण्यास अद्भुत कादंबऱ्या तयार होत्या. टोल्कीन यांच्या १९५४-५५ मधील महाकथेतून बुटकी माणसे व चालतीबोलती झाडे आली. टोल्कीन यांचा प्रभाव वरवरचाच आहे, असे गायगॅक्स पुढे सांगत राहिले. पण हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर ‘हॉबिट’ हा शब्द गाळून ‘हाफलिंग’ घालावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. नियमांच्या बाबतीत मात्र गायगॅक्स यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. मंत्र एकदा उच्चारला की मांत्रिकाच्या स्मरणातून जातो, हा नियम जॅक व्हान्स यांच्या कथांतून घेतला. जखमा आपोआप भरून येणारा राक्षस पोल अँडरसन यांच्या कादंबरीतून. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात गायगॅक्स यांनी अशा लेखकांची यादीच जोडली. ऋण इतक्या मोकळेपणाने कबूल करणारे खेळकर्ते थोडेच.

त्या मेजावर माणसे मरतात ती कागदावर. खेळणारा कागद बाजूला सारतो, नवे पात्र घेतो, चहा पितो. गोट्याची जागा फाशाने घेतली, म्हणूनच हे शक्य झाले.

पांढुर्ण्यातही असा पालट करून पाहण्यात आला. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू दिले. ते काही वेळ फेकले गेले आणि मग लोकांनी पुन्हा गोटे उचलले. उत्तराखंडात देवीधुरा येथे राखीपौर्णिमेस होणाऱ्या दगडफेकीत आता फळे व फुलेही वापरली जातात. तेथील कथेत नरबळीऐवजी रक्त सांडण्याचा तोडगा आधीच आहे, म्हणजे एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवण्यास देवीची अनुज्ञा कथेतच मिळालेली आहे. पांढुर्ण्याच्या कथेत प्रेमिकांचा प्राण गेला तो दगडाने, चेंडूने नव्हे, आणि चेंडू वाटणाऱ्यांनी कथेला हात लावला नव्हता.

तरीही त्या पात्रात अशी एक अदलाबदल कधीचीच होऊन गेली आहे. ज्या मुलीसाठी हे सारे चालते, तिच्या जागी पळसाचे झाड उभे आहे, आणि त्यावाचून खेळ अडला असे कोणी म्हणत नाही.